पायथनमध्ये टॅबची ओळ तोडताना रकाने का सरकतात

लक्षण साधारण असे असते. टॅबने वेगळे केलेल्या मजकुराची फाइल हातात येते आणि एकेक ओळ वाचून तिची लिस्ट करायची असते. सुरुवातीच्या ओळी व्यवस्थित येतात. मग मध्येच कुठेतरी तालुक्याच्या जागी गावाच्या नावाचा अर्धा भाग येतो, पिनकोडच्या जागी जिल्हा येतो, नाहीतर प्रोग्राम 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज' म्हणून थांबतो. ती ओळ हाताने सारखी केली की काम पुढे जाते. पुढच्या महिन्यात नवी फाइल येते आणि पुन्हा तेच.

ओळ हाताने सारखी करून हा प्रश्न कधीच मिटत नाही, कारण बहुतेक वेळा ओळीत काहीच चुकलेले नसते. चुकते ते तोडणे. तेव्हा आधी फाइलला हात लावू नका, कोडकडे बघा.

(कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत, तुमच्या प्रोग्राममध्ये ते नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप करा. '\टी' म्हणजे बॅकस्लॅश आणि त्याला लागून टी, म्हणजेच टॅब. '\एन' म्हणजे नवी ओळ.)

कंस रिकामा ठेवलेला स्प्लिट

गावांची एक यादी घेऊ. पाच रकाने: गाव, तालुका, जिल्हा, पिन, शेरा. टॅब दिसावा म्हणून त्याच्या जागी बाण दाखवतो.

वाई → वाई → सातारा → ४१२८०३ → तपासले
पिंपळगाव बसवंत → निफाड → नाशिक → ४२२२०९ →

दुसऱ्या ओळीत शेरा रिकामा आहे, पण त्याच्या आधीचा टॅब जागेवर आहे. ओळीचे तुकडे करायला पायथनमध्ये स्प्लिट असते. आता `ओळ.स्प्लिट()` असे कंसात काहीही न देता चालवले तर हाती हे येते:

['वाई', 'वाई', 'सातारा', '४१२८०३', 'तपासले']
['पिंपळगाव', 'बसवंत', 'निफाड', 'नाशिक', '४२२२०९']

दुसरी लिस्ट नीट बघा. गावाचे नाव दोन शब्दांचे, म्हणून एक तुकडा वाढला. शेरा रिकामा, म्हणून एक तुकडा गेला. बेरीज पुन्हा पाचच. रकान्यांची संख्या मोजणारी तपासणी ही ओळ बिनतक्रार पुढे सोडते आणि डेटाबेसमध्ये 'बसवंत' नावाचा तालुका तयार होतो. प्रोग्राम थांबला असता तर बरे, निदान चूक कळली असती. इथे कुणालाच काही कळत नाही.

कारण सरळ आहे. कंस रिकामा असला की पायथन कुठल्याही कोऱ्या जागेवर तोडतो: स्पेस, टॅब, नवी ओळ, अगदी वेबपानांवरून येणारी न तुटणारी स्पेससुद्धा. एकामागोमाग आलेल्या कितीही कोऱ्या जागा तो एकच धरतो आणि दोन्ही टोकांच्या टाकून देतो. वाक्यातले शब्द सुटे करायचे असतील तर हेच वागणे हवे असते. रकान्यांच्या मजकुराला ते अजिबात चालत नाही, कारण तिथे लागोपाठ दोन टॅब आले म्हणजे मधला रकाना रिकामा आहे अशी ती नोंद असते.

उपाय: `ओळ.स्प्लिट('\टी')`. टॅब स्वतः सांगितला की पायथन फक्त टॅबवर तोडतो, स्पेसला हात लावत नाही आणि रिकाम्या रकान्याच्या जागी रिकामी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा रिकामा तुकडा, ठेवतो.

हा दोष वर्षानुवर्षे दबून राहू शकतो, हे महाराष्ट्रातल्या याद्या हाताळणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. 'औरंगाबाद' हा एक शब्द होता तोवर रिकाम्या कंसाचा स्प्लिट त्या जिल्ह्याच्या एकशब्दी गावांवर बिनबोभाट चालत होता. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि पैठणच्या ओळीचे पाचाऐवजी सहा तुकडे पडू लागले. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेव्हा मात्र काही बिघडले नाही, कारण दोन्ही नावे एकाच शब्दाची. जो कोड नाव बदलल्यावर मोडतो, तो आधीही बरोबर नव्हता. मुंबई उपनगरची एक ओळ चाचणीत घेतली असती तरी हे पहिल्या दिवशीच दिसले असते.

टॅब सांगितला, तरी शेवटचा रकाना गायब

आता कोड असा असतो: `ओळ.स्ट्रिप().स्प्लिट('\टी')`. ओळीच्या शेवटचे '\एन' नको म्हणून आधी स्ट्रिप. हेतू बरोबर, पण रिकाम्या कंसाचा स्ट्रिप दोन्ही टोकांची सगळीच कोरी जागा खरवडतो आणि टॅबही त्यातच येतो. पिंपळगावच्या ओळीतला शेवटचा टॅब गेला की चारच रकाने उरतात. ओळीचा पहिला रकाना रिकामा असेल तर त्याहून वाईट होते: सुरुवातीचा टॅब जातो आणि सगळी ओळ एक घर डावीकडे सरकते.

म्हणून जे काढायचे तेवढेच काढा: `ओळ.आरस्ट्रिप('\एन')`, मग स्प्लिट. रकान्यांतल्या आगेमागच्या स्पेस काढायच्या असतील तर तोडून झाल्यावर प्रत्येक तुकड्याला स्ट्रिप लावा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी तोडा, मग पुसा.

पूर्ण रिकामी ओळ हा आणखी एक खाचखळगा. रिकाम्या स्ट्रिंगला टॅबवर तोडले तर रिकामी लिस्ट मिळत नाही, आत एक रिकामी स्ट्रिंग असलेली लिस्ट मिळते. फाइलच्या शेवटी जादा एन्टर पडलेला असेल तर ही एक घटकाची लिस्ट पुढे जाऊन दुसऱ्या रकान्यावर अडखळते. अशी ओळ तोडण्याआधीच वगळा.

तोडतच नाही, सगळी ओळ एकाच तुकड्यात येते

इथे बहुधा ओळीत टॅबच नसतो. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. टर्मिनलमध्ये टॅब पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत सरकतो, सहसा दर आठ घरांनी एक. नाव किती लांब आहे त्यावर तो कधी एका स्पेसएवढा दिसतो, कधी सात-आठ स्पेसएवढा, आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्यांमुळे रकाने तसेही सरळ रेषेत उभे राहत नाहीत. खात्री करायची तर `प्रिंट(रेप्र(ओळ))` चालवा, रेप्र अदृश्य चिन्हेही उघडी करून दाखवतो. खरा टॅब असेल तिथे बॅकस्लॅश आणि टी दिसेल. लिनक्सवर कॅट या आज्ञेला मोठ्या लिपीतला ए हा पर्याय दिला तरी टॅब उघडे पडतात.

टॅब सापडला नाही तर तो वाटेत हरवला आहे. एडिटरमध्ये टॅबऐवजी स्पेस टाकण्याची सोय चालू असते, टर्मिनलच्या पडद्यावरून कॉपी केलेला मजकूर बऱ्याचदा स्पेस होऊन येतो, आणि वेबपानावर साध्या परिच्छेदातला टॅब एका स्पेसएवढाच उरतो. अशा वेळी 'दोन किंवा जास्त स्पेसवर तोडा' अशी रेगेक्स, म्हणजे मजकुरातला साचा शोधणारे सूत्र, लिहिण्याचा मोह होतो. माझे स्पष्ट मत आहे की तो टाळावा. रिकामे रकाने त्यात कायमचे गेलेले असतात आणि कुठलीही रेगेक्स ते परत आणू शकत नाही. ज्यांनी मजकूर पाठवला त्यांच्याकडे मूळ फाइल मागा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि खरा उपाय तेवढाच आहे.

रेप्रमध्ये एकाऐवजी दोन बॅकस्लॅश आणि टी दिसले तर गोष्ट वेगळी. फाइलमध्ये टॅब नाही, बॅकस्लॅश आणि टी ही दोन सुटी अक्षरे आहेत. उलट बाजूने हाच घोळ कोडमध्येही होतो: अवतरणाआधी आर लावून रॉ स्ट्रिंग केली की '\टी'चा टॅब होत नाही आणि साधा स्प्लिट त्या दोन अक्षरांना शोधत बसतो. गंमत अशी की रेगेक्सच्या स्प्लिटला तीच रॉ स्ट्रिंग दिली तर चालते, कारण तिथे अर्थ रेगेक्स लावते. पीएचपीवाल्यांनो, तुमच्याकडे एक्सप्लोडमध्ये एकेरी अवतरणांतला '\टी' हा टॅब नसतो, दुहेरी अवतरणेच लागतात. पायथनला एकेरी-दुहेरी सारखेच, म्हणून दोन्ही भाषांत काम करणारे इथे हमखास अडकतात.

अवतरण चिन्हे: खरी डोकेदुखी

इथवरचे दोष एकदा कळले की पुन्हा होत नाहीत. हा होतो, कारण तो कोडमध्ये नसून फाइल कुठून आली यात असतो. 'टॅबने वेगळा केलेला मजकूर' या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या रीती नांदतात.

पहिली, शुद्ध रीत. टॅब म्हणजे रकाना संपला, नवी ओळ म्हणजे नोंद संपली, बाकी कुठल्याही चिन्हाला विशेष अर्थ नाही. या मजकूरप्रकाराची अधिकृत नोंद १९९३ साली झाली. तिच्यात रकान्याच्या आत टॅब चालणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि प्रत्येक नोंदीत रकाने सारखेच हवेत असेही. जगभरच्या ठिकाणांची जिओनेम्सची फाइल याच रीतीची: एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८, शीर्षकाची ओळ नाही, प्रत्येक ओळीत १९ रकाने. त्यातले अनेक रकाने रिकामे असतात आणि कालविभाग शेवटून दुसरा. रिकाम्या कंसाने तोडले तर तो दर ओळीत वेगळ्याच जागी सापडेल. अशा फाइलला साधा `स्प्लिट('\टी')` पुरेसा आहे. त्याहून चांगले काही नाही.

दुसरी, एक्सेलची रीत. एखाद्या खान्यात आल्ट-एन्टर मारून दोन ओळी लिहिलेल्या असतील तर तिथून कॉपी केलेल्या मजकुरात तो खाना दुहेरी अवतरणांत गुंडाळून येतो आणि ओळ मध्येच तुटलेली दिसते. समजा पैठणच्या शेऱ्यात 'पत्ता बदलला' आणि खाली 'नवीन नकाशा जोडला' असे दोन ओळींत लिहिले आहे. एकेक ओळ वाचणाऱ्या कोडला तिथे दोन नोंदी दिसतात: एक पाच रकान्यांची, जिचा शेरा उघड्या अवतरणाने सुरू होतो, आणि दुसरी एकाच रकान्याची. इथे स्प्लिटचा उपयोग नाही. रकान्यांच्या फाइली वाचणारे पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल वापरा, `डेलिमिटर='\टी'` (विभाजक) द्या आणि फाइल उघडताना `न्यूलाइन=''` द्यायला विसरू नका, नाहीतर खान्यातल्या नव्या ओळी जशाच्या तशा राहतील याची हमी नसते. हे मॉड्यूल २००३ सालच्या २.३ आवृत्तीपासून पायथनसोबतच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही. एक्सेल-टॅब नावाची तयार बोली, म्हणजे नियमांचा संच, हीही त्यात आहे.

मग सगळीकडे सीएसव्ही मॉड्यूलच का वापरू नये? कारण शुद्ध रीतीच्या फाइलवर ते उलटते. मॉड्यूल दुहेरी अवतरणाला अर्थ देते, तोही रकान्याच्या सुरुवातीला आले तर. मध्ये आलेल्या चिन्हाला ते छेडत नाही. कुणी शेऱ्यात "नवीन इमारतीत हलवले असे लिहून अवतरण बंद करायचे विसरले, की तिथून पुढचे सगळे टॅब आणि सगळ्या नव्या ओळी त्या एकाच रकान्यात जमा होत जातात, पुढचे दुहेरी अवतरण येईपर्यंत. ते दोनशे ओळींनंतर आले तर दोनशे गावे एका शेऱ्यात गडप होतात आणि त्रुटीचा संदेश येत नाही. आलेच नाही तर फाइल संपेपर्यंत तेच. मोठ्या फाइलमध्ये एखादे वेळी 'फील्ड लार्जर दॅन फील्ड लिमिट' असा संदेश येतो, कारण एका रकान्याची मर्यादा मुळात १,३१,०७२ अक्षरांची असते. बरेच जण तेव्हा मर्यादा वाढवतात. कृपया वाढवू नका. त्या संदेशाने तुम्हाला वाचवले आहे. गावाच्या यादीतल्या शेऱ्यात सव्वा लाख अक्षरे कशी आली हे आधी शोधा.

अशा फाइलला सीएसव्ही मॉड्यूलच वापरायचे असेल तर `कोटिंग=सीएसव्ही.कोट_नन` द्या. मग अवतरण हे साधे अक्षर राहते. सिनेमांच्या माहितीच्या आयएमडीबीच्या टॅब फाइलींना हेच लागते, कारण तिथे नावांतली अवतरणे तशीच ठेवलेली असतात.

तिसरी रीत बॅकस्लॅशची. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कॉपी आज्ञेतून साध्या मजकुराच्या रूपात काढलेल्या फाइलमध्ये रकान्यातला टॅब '\टी' असा दोन अक्षरांत लिहिलेला येतो, नवी ओळ '\एन' अशी, आणि जिथे किंमतच नाही तिथे बॅकस्लॅश आणि मोठा एन. इथे टॅबवर तोडणे सुरक्षित आहे, कारण खरा टॅब फक्त रकाना संपल्यावरच येतो. तोडून झाल्यावर प्रत्येक तुकड्यातले बॅकस्लॅश उलगडा, पण एकामागून एक रिप्लेस लावून नव्हे. मजकुरात मुळातच बॅकस्लॅश असेल तर तो दुहेरी लिहिलेला असतो आणि पहिला रिप्लेस त्याचा अर्धा भाग उचलून भलताच टॅब तयार करतो. एकाच रेगेक्सने, एकाच फेरीत उलगडा. नाहीतर डेटाबेसकडूनच सीएसव्ही रूपात फाइल मागा, ते सर्वांत सोपे.

कुठली रीत आहे हे फाइलच्या नावावरून कळत नाही. पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ही फाइल कशातून काढली? बहुतेक वेळा उत्तर तेवढ्यावरच मिळते.

पहिलाच रकाना सापडत नाही, किंवा नुसती प्रश्नचिन्हे

शीर्षकाच्या ओळीत 'गाव' स्पष्ट दिसते आहे, तरी डिक्शनरी म्हणते 'गाव' नावाची किल्ली ('की') माझ्याकडे नाही. रेप्र करून बघा. शब्दाच्या आधी एक अदृश्य चिन्ह चिकटलेले असेल, विंडोजवरचे अनेक प्रोग्राम फाइलच्या सुरुवातीला घालतात ते. फाइल उघडताना एन्कोडिंग `यूटीएफ-८-सिग` द्या, चिन्ह आपोआप गळते, आणि ते नसलेल्या फाइलही त्याने तशाच नीट उघडतात.

एक्सेलमधून मराठी मजकूर काढताना 'टेक्स्ट, टॅब डिलिमिटेड' हा पर्याय निवडला तर देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात. ती फाइल गेली, तिच्यातून काही परत येत नाही. 'युनिकोड टेक्स्ट' निवडा. मात्र ती फाइल यूटीएफ-१६ असते, पायथनलाही एन्कोडिंग तेच सांगावे लागते. यूटीएफ-८ समजून उघडली तर पहिल्याच बाइटला त्रुटी येते.

रकाना बरोबर तुटला, दिसतोही सारखा, तरी दोन याद्यांतली नावे जुळत नाहीत, असे मराठीत आणखी एका कारणाने होते. 'ऱ्य' हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकता येते: नुक्तावाल्या ऱ पासून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही एकच. पायथनला ती वेगळी अक्षरे, आणि युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपे सारखी करणे) त्यांना एक करत नाही. स्ट्रिपही ते जोडचिन्ह काढत नाही. दोन्ही याद्यांतला एक प्रकार दुसऱ्यात बदलून मगच जुळवा.

आकड्यांचे मात्र पायथन चांगले सांभाळतो. '४२२२०९' ही देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग इंटला दिली तर नीट संख्या मिळते. पण पिनकोडची संख्या करायचे कारणच नाही, तो स्ट्रिंगच ठेवा.

स्प्लिटलाइन्स

सगळी फाइल एकदम वाचून `स्प्लिटलाइन्स()` ने ओळी करणाऱ्यांसाठी एवढेच: ते फक्त नव्या ओळीवर तोडत नाही. उभा टॅब, फॉर्मफीड, युनिकोडची ओळ-विभाजक चिन्हे, सगळ्यांवर तोडते. वर्डमधून आलेल्या मजकुरात शिफ्ट-एन्टरच्या जागी उभा टॅब असू शकतो. फाइलवरच फॉर लूप चालवा, हा प्रश्न येत नाही.

पांडाज वापरत असाल तर

पांडाज म्हणजे पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी. तिला विभाजक म्हणून टॅब द्या आणि सोबत `डीटाइप=स्ट्र`, नाहीतर शून्याने सुरू होणारे क्रमांक शून्य गमावतात. 'एनए' असे लिहिलेला रकाना पांडाज रिकामा धरते, ते नको असेल तर `कीप_डिफॉल्ट_एनए` खोटे करा. अवतरणांचा वरचा सगळा विचार इथेही तसाच लागू.

दुसऱ्या भाषांत

जावा आणि पर्ल टॅब सांगूनही शेवटचे रिकामे रकाने टाकून देतात, तिथे स्प्लिटला मर्यादा म्हणून उणे एक द्यावे लागते. ऑक या मजकूर हाताळणाऱ्या साधनात विभाजक सांगितला नाही तर पायथनच्या रिकाम्या कंसासारखेच होते. बॅश या कमांड शेलच्या रीड आज्ञेत विभाजक ठरवणाऱ्या आयएफएसला नुसता टॅब दिला तरी लागोपाठचे टॅब एकच धरले जातात, म्हणून रिकामे रकाने असतील तर ते काम बॅशमध्ये करूच नये. कट या आज्ञेचा विभाजक मुळातच टॅब आहे, ती रिकामे रकाने नीट सांभाळते.

काम सुरू करण्याआधीची तपासणी

नवी फाइल आली की मुख्य प्रोग्रामआधी हा छोटा तुकडा चालवा:

```
फॉर क्रमांक, ओळ इन एन्यूमरेट(फाइल, १):
    रकाने = ओळ.आरस्ट्रिप('\एन').स्प्लिट('\टी')
    इफ लेन(रकाने) != ५:
        प्रिंट(क्रमांक, लेन(रकाने), रेप्र(ओळ))
```

काहीच छापले नाही तर रकाने सारखे आहेत. सगळ्याच ओळी 'एक रकाना' म्हणून आल्या तर टॅब हरवले आहेत. छापलेली ओळ एकाच रकान्याची आणि तिच्या लगेच वरची, न छापलेली, पाचची असेल तर खान्यात एन्टर आहे, फाइल एक्सेलच्या रीतीची आहे. एखादीच ओळ सहाची असेल तर कुणीतरी रकान्याच्या आत टॅब दाबला आहे. तेवढी ओळ मात्र खरेच हाताने दुरुस्त करावी लागते, आणि तीही पाठवणाऱ्याला विचारूनच.

संख्या जुळली तरी तिथे थांबू नका, पिंपळगावची ओळ आठवा. ज्या रकान्याचा साचा ठाम आहे असा एक निवडा आणि तो प्रत्येक ओळीत तपासा. आपल्या यादीत तो पिन आहे: चौथा रकाना, नेमके सहा आकडे, पहिला शून्य नाही. आकडे आहेत का हे बघायला `इझडिजिट()` पुरते, देवनागरी आकडेही त्याला चालतात. जी ओळ या चाळणीत अडकेल तिच्यावर प्रोग्राम थांबवा आणि ओळीचा क्रमांक छापा. अडकलेल्या ओळी गुपचूप वगळणारा `ट्राय` आणि `पास` तिथे घालू नका, कारण वगळलेले गाव यादीत नाही हे नंतर कुणाच्याही ध्यानात येत नाही.